कूस बदलणारी गादी

मुलांनो, आज वर्गात एक छोटा प्रयोग करून पाहा. लाकडी बाकावर ताठ बसा आणि मनाशी ठरवा, की मधल्या सुट्टीपर्यंत जागचे हलायचे नाही. पाय हलवायचा नाही, पुढे झुकायचे नाही, एका बाजूला कलायचेही नाही. पहिली काही मिनिटे सहज जातील. मग बैठकीखाली दुखू लागेल. थोड्याच वेळात तुमच्यापैकी बहुतेक जण नकळत सरकलेले असतील.

या हालचालीला मराठीत 'चुळबूळ' म्हणतात. चुळबूळ करणाऱ्या मुलावर शिक्षक रागावतात, ती गोष्ट वेगळी. पण चुळबूळ म्हणजे शरीराने स्वतःची घेतलेली काळजी असते. अंगठ्याचे नख दुसऱ्या बोटाने दाबून पाहा. नखाखालचा भाग पांढरा पडतो. बोट काढताच तो पुन्हा गुलाबी होतो. दाब पडला तेव्हा तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या मिटल्या आणि रक्त थांबले. दाब गेला तेव्हा रक्त परत आले. आपण बसतो किंवा झोपतो तेव्हा हाड आणि गादी यांच्या मध्ये आपले मांस आणि कातडी अशीच दाबली जाते. तिला रक्त मिळेनासे झाले, की ती दुखून तक्रार करते आणि आपण सरकतो. झोपेतसुद्धा आपण रात्रीतून अनेकदा कूस बदलतो. सकाळी त्यातले काहीही आठवत नाही.

ज्याला कूस बदलता येत नाही, त्याचे काय होत असेल? कोणी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला असतो. कोणाचे खुब्याचे हाड मोडलेले असते. कोणी बेशुद्ध असतो. पाठीच्या मणक्याला इजा झालेल्या माणसाला तर कमरेखाली काही जाणवतच नाही. त्याच्या कातडीची तक्रार मेंदूपर्यंत पोहोचत नाही. अशा रुग्णाच्या माकडहाडाजवळ, टाचेवर, खुब्यावर किंवा घोट्यावर जखम होते. तिला शय्याव्रण म्हणतात. दवाखान्यात तुम्ही 'बेडसोअर' हा शब्द ऐकला असेल. ही जखम फसवी असते. पुष्कळदा ती आत हाडाजवळ सुरू होते आणि वर फक्त एक डाग दिसतो. कातडी फुटते तेव्हा आत खड्डा पडलेला असतो. तिच्यातून जंतू रक्तात गेले, तर रुग्ण दगावतोही.

पूर्वी मणक्याची इजा म्हणजे मृत्यूच, असे डॉक्टरही मानत. बहुतेक रुग्ण शय्याव्रणाने किंवा लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गाने मरत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी एक विभाग सुरू झाला. लुडविग गुटमान हे त्याचे प्रमुख होते. ते ज्यू होते आणि नाझींच्या छळामुळे १९३९ साली जर्मनी सोडून इंग्लंडला आले होते. त्यांनी नियम केला, की प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, दिवसाही आणि रात्रीही. वळवण्याचे काम नीट होते की नाही, हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात जात. ना नवे औषध, ना शस्त्रक्रिया; पण रुग्ण जगू लागले.

जगलेल्या माणसाला काम हवे, खेळ हवा. म्हणून गुटमान यांनी १९४८ साली रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी तिरंदाजीचे सामने भरवले. त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक. त्यांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हे लिहायला सोपे आहे. रुग्णालयात परिचारिका कमी आणि रुग्ण अधिक असतात. घरी तर आई, सून किंवा मुलगाच सर्व करतो. रात्री बारा, दोन, चार आणि सहा वाजता उठणारा माणूस किती दिवस टिकेल? म्हणून असा विचार पुढे आला, की या कामात गादीने काही मदत करावी.

गादी कशी मदत करते, हे समजण्यासाठी विज्ञानाच्या पुस्तकातील एक सूत्र आठवा. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. समजा, ६० किलो वजनाचा रुग्ण लाकडी फळीवर झोपला आहे. फळी लवत नाही, म्हणून अंगाचा थोडाच भाग तिला टेकतो. तो ५०० चौरस सेंटीमीटर धरला, तर दर चौरस सेंटीमीटरवर १२० ग्रॅम भार येतो. रक्तदाब मोजतात त्या मापात हा सरासरी दाब पाऱ्याचे सुमारे ८८ मिलिमीटर होतो. आता गादी अंगाच्या आकाराप्रमाणे लवली आणि २००० चौरस सेंटीमीटर भाग टेकला, तर तोच दाब २२ मिलिमीटरवर येतो. अमेरिकन शास्त्रज्ञ युजीन लँडिस यांनी १९३० साली नखाजवळच्या केशवाहिन्यांमधील दाब मोजला होता. जेथे रक्त त्यांच्यात शिरते, तेथे तो सुमारे ३२ मिलिमीटर भरला. म्हणून गाद्या तयार करणारे हा आकडा पुष्कळ वर्षे डोळ्यांसमोर ठेवत आले. अर्थात हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. म्हाताऱ्या, अशक्त माणसाची कातडी त्याहून कमी दाबानेही बिघडू शकते. शिवाय हाडाच्या टोकावरचा दाब सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

अंग सर्व बाजूंनी सारखे उचलून धरते ते पाणी. तळ्यात उताणे पोहताना कोठे काही टोचते का? स्कॉटलंडचे डॉक्टर नील आर्नट यांनी १८३२ साली हीच युक्ती वापरली. पाण्याने भरलेल्या पेटीवर त्यांनी रबर लावलेले कापड सैल पसरले आणि त्यावर रुग्णाला झोपवले. युक्ती उत्तम, पण पाण्याचे वजन पाहा. पेटी २ मीटर लांब, ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असेल, तर तिच्यात ५४० लिटर, म्हणजे ५४० किलो पाणी मावते. तो पलंग कोण हलवणार?

म्हणून फोम आणि हवा यांचा वापर वाढला. चांगल्या फोमच्या गादीत दोन-तीन थर असतात. वरचा थर मऊ असतो. तो अंगाचा आकार घेतो. खालचा थर घट्ट असतो. तो अंगाला तळाशी टेकू देत नाही. अंगाच्या उबेने मऊ होणारा आणि दाबल्यावर सावकाश पूर्ववत होणारा एक फोम आहे. तो १९६६ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी तयार झाला. तेव्हा उद्देश होता विमानातील आसने अधिक सुरक्षित करण्याचा. तो रुग्णांच्या गादीत नंतर आला. आपली कापसाची गादी इथे कमी पडते. ती थोड्याच दिवसांत दबते, कापसाचे गोळे होतात, आणि पिंजारी काही दर महिन्याला दारात येत नाही.

हवेच्या गादीची रीत वेगळी आहे. तिच्यात रबरी किंवा प्लॅस्टिकच्या आडव्या नळ्या असतात. एक छोटा पंप आधी एकाआड एक नळ्या फुगवतो आणि उरलेल्या सैल सोडतो. काही मिनिटांनी उलट करतो. त्यामुळे आता जिथे दाब आहे, तिथला दाब थोड्या वेळाने कमी होतो आणि तिथे रक्त परत येते. रुग्ण हलत नाही, तर गादीच त्याच्याखाली हलते. अशा गादीची रचना करताना किती गोष्टी पाहाव्या लागतात! पंपाचा आवाज फार झाला, तर रुग्णाला झोप येत नाही. वीज गेली, तर गादीतील हवा लगेच निघून जाता कामा नये. पण रुग्णाचे हृदय बंद पडले आणि छातीवर दाब द्यावा लागला, तर हवा क्षणात काढताही आली पाहिजे, कारण मऊ गादीवर छाती दाबली जात नाही. म्हणून रुग्णालयातील गादीला त्यासाठी खास झडप बसवतात. कडा मात्र थोड्या घट्ट ठेवतात, म्हणजे बसताना रुग्ण घसरून पडत नाही.

गादी हवी तेवढी मऊ करून चालत नाही, हेही लक्षात घ्या. फार मऊ गादीत माणूस रुततो. ज्याला थोडेफार हलता येते, तोही मग हलू शकत नाही.

महाग गादी नेहमी जास्त चांगली असते का? २०१९ साली ब्रिटनमध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंपाची हवेची गादी आणि चांगल्या प्रतीची फोमची गादी यांची त्यात तुलना केली होती. एकूण जखमांमध्ये फार मोठा फरक आढळला नाही. माझ्या मते, गरीब घराला ही बातमी दिलासा देणारी आहे. चांगला फोम मिळाला आणि रुग्णाला वेळेवर वळवले, तर पंप नाही म्हणून कष्टी होण्याचे कारण नाही.

आपल्याकडे होते काय, की लोक पैसे जमवून हवेची गादी आणतात आणि तिच्यावर मेणकापड, सतरंजी, गोधडी आणि ताणून बसवलेली चादर घालतात. गादी खाली फुगते आणि सैल होते, पण वर रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. जाड थरांमध्ये घामही साचतो आणि ओली कातडी लवकर फाटते. म्हणून या गादीचे आवरण ताणले जाणारे असते, पाणी आत न शिरू देणारे आणि वाफ बाहेर जाऊ देणारे. त्यावर एक पातळ चादर सैल घातली, की पुरे.

टाचेची गोष्ट आणखी निराळी. टाच लहान, हाड टणक आणि मांस थोडे. तिथे चांगली गादीही हरते. यावर उपाय म्हणजे पोटरीखाली उशी ठेवायची आणि टाच अधांतरी ठेवायची. (उर्दूतील 'तकिया' म्हणजे मराठीतील उशी. मराठीत तक्क्या म्हणजे पाठ टेकायचा लोड. दोन्हींत गल्लत करू नका.) काही जण मध्ये भोक असलेली गोल चकती जखमेखाली ठेवतात. ती मात्र वापरू नये. तिच्या कडेचा दाब सभोवतालचे रक्त अडवतो.

गादी बरोबर काम करते की नाही, हे तुम्हीही पाहू शकता. रुग्ण झोपलेला असताना त्याच्या कमरेखालच्या भागाशी, गादीच्या खालून हात घाला. तळवा वर ठेवा. हात आणि रुग्णाचे अंग यांच्या मध्ये गादीची सुमारे अडीच सेंटीमीटर जाडी जाणवली पाहिजे. तेवढी नसेल, तर रुग्ण तळाला टेकला आहे. मग हवा वाढवावी किंवा गादी बदलावी. रुग्णाला वळवताना त्याची पाठ, खुबे आणि टाचा उजेडात पाहाव्यात. लालसर डाग बोटाने दाबूनही पांढरा झाला नाही, तर त्या बाजूवर पुन्हा झोपवू नये आणि डॉक्टरांना कळवावे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हात लावून पाहावा. तो भाग शेजारच्या कातडीपेक्षा गरम, गार किंवा कडक लागतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे द्या.
(अ) गुटमान यांनी रुग्णांसाठी कोणता नियम केला?
(आ) आर्नट यांच्या पलंगाची अडचण कोणती होती?

२. कारणे द्या.
(अ) हवेच्या गादीवर जाड गोधडी घालू नये.
(आ) हवेच्या गादीतील हवा क्षणात काढता आली पाहिजे.

३. वाक्यात उपयोग करा : अंथरुणाला खिळणे, चुळबूळ करणे, दगावणे.

४. तुमचे वजन ४० किलो धरा. तुमच्या अंगाचा ८०० चौरस सेंटीमीटर भाग गादीला टेकत असेल, तर दर चौरस सेंटीमीटरवर किती ग्रॅम भार येईल?