हृदयातला मेटलचा व्हॉल्व्ह: बसवल्यानंतरचा खर्च

‘किती वर्षं टिकेल?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘मेटलचा’ म्हणत असले तरी आजच्या व्हॉल्व्हची पाती कार्बनची असतात; ती सहसा झिजत नाहीत, २०-३० वर्षं सहज चालतात. काम बिघडतं ते गुठळीनं, कडेनं वाढलेल्या मांसानं, जंतुसंसर्गानं किंवा टाक्यांजवळच्या गळतीनं. म्हणून पैसे कुठे वाचवायचे नाहीत, ते आधी पाहा.

रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यायची. ती स्वस्त असते. महाग पडतो तो विसराळूपणा. वॉरफेरिन आणि ॲसिट्रॉम या दोन्ही अशाच गोळ्या, पण एकमेकींच्या जागी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम चालत नाहीत. ॲसिट्रॉम १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. दुकानदार ‘२ च्या दोन घ्या’ म्हणाला, तर चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर घरातलं कोणीतरी चार मिलिग्रॅमच्या दोन देऊन बसेल. डाबिगॅट्रानसारख्या ‘तपासणी नको’ म्हणणाऱ्या नव्या गोळ्या मेटलच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत.

रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआर तपासणी सुरुवातीला आठवड्याला, आकडा स्थिरावला की साधारण महिन्याला. खासगी लॅबमध्ये एका वेळेचे साधारण २०० ते ५०० रुपये, घरी येऊन रक्त नेलं तर वरचे वेगळे. लॅब शक्यतो एकच ठेवा. ‘हार्ट पॅकेज’ गळ्यात मारलं जातं. तुम्हाला फक्त पीटी-आयएनआर हवी. घरी आयएनआर पाहायचं मशीन घेण्याआधी एका पट्टीची किंमत विचारा, खरा खर्च तिथे आहे. टू-डी इको डॉक्टर सांगतील तेव्हा; दर साधारण दीड ते तीन हजार.

व्हॉल्व्हचं कार्ड (कंपनी, क्रमांक, आकार) पाकिटात ठेवा, फोटो मोबाईलमध्ये. दात काढायचाय? दंतवैद्याला आधी कार्ड दाखवा, अँटिबायोटिक लागेल. गोळी स्वतःहून बंद करू नका. अंगदुखीला मनानं डायक्लोफिनॅक नको. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना गाठा.

व्हॉल्व्हची टिकटिक मंद झाली, अचानक धाप लागली, एक हात लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. ज्या रुग्णालयात इको आणि हृदयशस्त्रक्रियेचं पथक आहे तिथेच जा, नाहीतर वाटेत दोनदा ॲडमिशनचे पैसे भराल.

पुन्हा शस्त्रक्रिया खासगीत काही लाखांची. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा. भरती होण्याआधी दोन प्रश्न विचारा: व्हॉल्व्हची किंमत पॅकेजमध्ये आहे का, आणि डिस्चार्जनंतरची तपासणी आहे का.