नाडीतरंगिणी : प्रयोगशाळेतून चिकित्सालयाकडे

नाडीपरीक्षणाचे यंत्र घ्यावे काय, असा प्रश्न वैद्यबंधू अलीकडे वारंवार विचारतात. ते विक्रीस ठेवावे काय, अशी पृच्छा औषधविक्रेतेही करतात. उत्तरासाठी असे यंत्र प्रयोगशाळेतून कसे बाहेर आले, हे प्रथम पाहणे इष्ट ठरेल.

मुंबईची आयआयटी आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथील संशोधकांनी 'नाडीतरंगिणी' या यंत्रणेविषयीचा शोधनिबंध २००७ साली वैद्यकीय अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला. मनगटावरील नाडीचा दाब स्ट्रेन गेज बसविलेल्या पडद्याने टिपून त्याचा तरंग संगणकावर १६ बिट अचूकतेने नोंदविणे, हे तिचे कार्य. वयानुसार, तसेच संवेदकावर दिलेल्या दाबानुसार तरंग बदलतो, असे त्यात दाखविले आहे. निदानास साहाय्यभूत साधन म्हणून वैद्यांकडून मूल्यमापन चालू आहे, एवढेच त्या निबंधाचे म्हणणे होते. त्यांपैकी डॉ. अनिरुद्ध जोशी यांनी पुढे पुण्यात आत्रेय इनोव्हेशन्स ही कंपनी स्थापून यंत्र बाजारात आणले.

यातील दाबाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तर्जनी, मध्यमा, अनामिका यांचा दाब वैद्य नकळत कमी-अधिक करीत असतो. यंत्राला तो ठरवून द्यावा लागतो. मी स्वतः दुसऱ्याच एका उत्पादकाचे यंत्र घेतले होते. एका यंत्रमाग कामगाराच्या अहवालात प्रथम कफाधिक्य आले, अर्ध्या तासाने पित्ताधिक्य! दुसऱ्या वेळी परिचारिकेने पट्टा अधिक घट्ट बांधला होता. सोबतच्या माहितीपत्रकात दाबाविषयी अवाक्षर नव्हते. शिवाय रुग्ण मे महिन्यातील सोलापूरच्या उन्हातून चालत आलेला. आतपातून आलेल्याची नाडी तत्काळ पाहू नये, हा शास्त्रनियम मीच विसरलो होतो.

औषधालयचालकांसाठी एक सूचना. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली असून त्यांना वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना येथे उपयोगाचा नाही. उत्पादकाकडून उपकरणाच्या परवान्याची प्रत मागून घ्यावी.

प्रतिनिधी प्रात्यक्षिकास येईल तेव्हा आपल्या परिचयाच्या एकाच रुग्णाची नाडी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा, पट्टा निरनिराळ्या व्यक्तींकडून बांधवून, नोंदवावी. मी ही परीक्षा पैसे भरल्यानंतर घेतली. ते यंत्र सध्या कपाटात आहे.