गाजर गवत : ओळख व बंदोबस्त

पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा, गावठाणे व शेतांचे बांध पांढऱ्या बारीक फुलांनी व्यापून टाकणारे गाजर गवत सर्वांच्या परिचयाचे आहे. काँग्रेस गवत या नावानेही ते ओळखले जाते. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील मेक्सिकोच्या आसपासच्या प्रदेशातील होय. भारतात तिची नोंद १९५५ साली पुणे येथे झाली व तेथून ती देशभर पसरली.

सूर्यफूल व झेंडू यांच्याच कुळातील ही वर्षायु वनस्पती आहे. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात. प्रथम ती जमिनीलगत पसरतात व नंतर खोड वर येऊन सुमारे एक ते दीड मीटर वाढते. ज्यास आपण एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ होय. त्याच्या कडेच्या पाच फुलांतच बी धरते; परंतु असे गुच्छ असंख्य असल्याने एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. उगवणीनंतर सुमारे एक ते दीड महिन्यात झाड फुलोऱ्यावर येते. ओल मिळेल तेव्हा बी उगवत असल्याने वर्षातून अनेक पिढ्या होतात. वारा, पाणी, वाहने व शेणखत यांबरोबर बी दूरवर जाते.

या गवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेस खाज व पुरळ येते. परागामुळे दम्याचा त्रास संभवतो. जनावरांच्या खाण्यात आल्यास दुधास कडवटपणा येतो.

बंदोबस्ताचे सूत्र एकच : फुले येण्यापूर्वी झाड नष्ट करावे. पाऊस पडून जमीन ओली असताना ते मुळासकट उपटावे. वरून कापल्यास बुडख्यातून पुन्हा फुटते. हातमोजे घालावेत व अंग झाकून घ्यावे. फुलापूर्वीची झाडे कंपोस्ट खतास चालतात. फुलोऱ्यावर आलेली मात्र खतखड्ड्यात टाकू नयेत.

पडीक जागी मेक्सिकन भुंगेरे सोडणे हितावह ठरते. ते १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूर येथे आणले गेले. भुंगेरे व त्यांच्या अळ्या पावसाळ्यात या गवताची पाने खातात. मोकळ्या जागी टाकळा वाढू दिल्यास गवतास आळा बसतो.

एका शेतकऱ्याने बांध स्वच्छ केला व शेजारची गायरान जमीन तशीच राहिली, तर पुढील पावसात बी परत येते. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या आरंभीच संपूर्ण गावाची मोहीम आखावी आणि ती प्रतिवर्षी चालू ठेवावी.