गाडी मोडली, आता दुसरी घेताना

पोरी, हाताचं प्लास्टर उतरेपर्यंत शोरूमची पायरी चढायची नाही, हे पहिलं. तुझी घाई मला कळते. रिक्षाला रोज पैसे जातात, बसची वाट बघून जीव जातो, आणि ऑफिसात जो तो विचारतो, मग आता कोणती घेतेस? पण हात गळ्यात बांधलेला असताना निवडलेली गाडी रंग आणि हप्ता बघूनच निवडली जाते. बिनगिअरच्या स्कूटरवर डावा हात मागचा ब्रेक दाबतो. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक आला, म्हणजे तोच डावा लिव्हर आता पुढच्या चाकालाही थांबवतो. तुझं नेमकं डावं मनगट मोडलंय. डॉक्टरांनी हात मोकळा केला की व्यायाम मनापासून कर. मग कुणाच्या तरी उभ्या गाडीवर बसून लिव्हर पुरता दाब, धरून ठेव, सोड, पुन्हा दाब. बोटं थरथरली किंवा मनगटातून कळ गेली तर अजून वेळ आहे. मग गाडी डबल स्टँडवर चढवून बघ. तेही विनासायास जमलं की मला फोन कर, आपण दोघं जाऊन बघू.

तोवर मोडक्या गाडीचं पुरतं मिटवायचं. इतकी वर्षं गॅरेज चालवल्यावर माझं ठाम मत झालंय, की नवी गाडी घेताना माणसं फार चौकशी करतात आणि जुनी सोडताना अजिबात करत नाहीत. त्रास होतो तो सोडलेल्या गाडीचाच.

अपघाताच्या दिवशी टेम्पोवाला रस्त्यावरच पैसे पुढे करत होता आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागत होता. तू ती केली नाहीस, हे फार चांगलं केलंस. अंग गरम असताना दुखणं कळत नाही. हाड मोडलंय हे तुला संध्याकाळी समजलं. मैत्रिणींनाही हे सांग: समोरच्या गाडीचा नंबर, जागेचे फोटो, दवाखान्यात केसपेपरवर 'रस्ता अपघात' अशी नोंद, आणि पोलिसांत तक्रार. कायद्यानं अपघाताची खबर चोवीस तासांत द्यायची असते, विमा कंपनीलाही लगेच कळवायचं असतं. तुझ्या दुखापतीची भरपाई टेम्पोच्या विम्याकडून मागता येते, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. वकील लवकर गाठ. औषधाच्या दुकानातली चिठ्ठीसुद्धा फेकू नकोस.

आता गाडी दुरुस्त करायची की सोडायची, याबद्दल. भाऊजी म्हणतात, इंजिन चांगलं आहे, करून घेऊ. त्यांची पिढी आणि माझी पिढी एकच. आकुर्डीहून निघणाऱ्या चेतकसाठी आम्ही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलो. १९७२ला बाजारात आलेली ती गाडी घरात आली की तिची पूजा व्हायची. ती आपटली तर पत्रा ठोकून, रंग मारून पुन्हा रस्त्यावर. दुसरी मिळणारच नव्हती, तर सोडणार कशी? तो काळ गेला, पण जीव अडकायची सवय राहिली. भाऊजींना दुखवू नकोस, पण निर्णय गाडीचा सांगाडा बघून घे.

चॅसिस म्हणजे गाडीचा कणा. आरसा, इंडिकेटर, मडगार्ड, पुढचं पॅनल, फ्लोअर बोर्ड हे सगळं बदलता येतं. पुढचा फोर्क वाकला असेल तर नवा टाकता येतो, फक्त तो कंपनीचाच हवा. जुन्या बाजारातून काढलेला, कुणाच्या तरी अपघाती गाडीतून उतरवलेला फोर्क 'एकदम ओके आहे' म्हणून बसवतात, तो नको. पण हँडलचा दांडा चॅसिसमध्ये जिथं बसतो ती नळीच सरकली असेल, किंवा इंजिन जिथं टांगलेलं असतं तिथं वेल्डिंग तडकलं असेल, तर त्या गाडीवर पुन्हा बसायचं नाही. गॅसवर तापवून, दाबून सरळ केलेली चॅसिस दिसायला सरळ दिसते. खड्ड्यातून गेली की ती आपला मूळ दोष दाखवते, आणि तेव्हा मागं बस असते. मेकॅनिकला तोंडी विचारू नकोस. पॅनल उतरवून, टॉर्च लावून, तुझ्या डोळ्यांसमोर दाखवायला सांग.

विम्याचं गणित असं आहे. पॉलिसीवर गाडीची एक किंमत छापलेली असते, तिला सगळे आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी 'टोटल लॉस' धरते. तुझी आयडीव्ही ६०,००० असेल तर ४५,०००च्या पुढचं एस्टिमेट त्यात बसतं. टोटल लॉसमध्ये आयडीव्हीइतकी रक्कम मिळते, दुचाकीला सक्तीचे शंभर रुपये वजा होतात, आणि सुट्या भागांची घसारा-कपात लागत नाही. दुरुस्तीच्या क्लेममध्ये मात्र ती लागते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर थेट ५० टक्के कापतात. फायबरवर ३०. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. घसारा न कापण्याचं 'झिरो डेप' कलम घेतलेलं नसेल तर प्लास्टिकच्या अंगाच्या स्कूटरचा निम्मा खर्च आपल्याच खिशातून जातो.

म्हणून एस्टिमेट सीमेच्या आसपास असेल तर डोळे उघडे ठेव. पॅनल उतरवल्याशिवाय केलेलं एस्टिमेट कच्चं असतं. आतला मार नंतर निघतो. विम्याचा सर्व्हेअर येऊन बघून जाईपर्यंत एक स्क्रूही फिरवू द्यायचा नाही, आणि आत जे जे तुटलंय ते त्याला दाखवायचं. त्याच्याशी भांडू नकोस, पण त्याच्या बोलण्यावर न जाता लेखी उत्तर माग. कंपनीचा माणूस 'मोडकी गाडी तुम्हीच ठेवा, तिची किंमत वजा करून पैसे देतो' असं म्हणेल. ती किंमत कुणी ठरवली ते विचार. गाडी ठेवून घेऊन तू करणार काय? शक्य असेल तर गाडी कंपनीलाच दे आणि पूर्ण रक्कम घे. गाडीवर कर्ज शिल्लक असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात, हे धरून चाल. आणि आयडीव्ही कर्जापेक्षा कमी भरली तर फरक तुलाच भरायचा आहे. म्हणून नव्या गाडीला पहिली काही वर्षं 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे जोडकलम घे. त्यात आयडीव्हीऐवजी बिलातली किंमत धरतात.

नो क्लेम बोनसबद्दल लोकांत फार गैरसमज आहेत. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. एकही क्लेम न घेता पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, आणि चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत. तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, सगळ्या हप्त्यावर नाही. स्कूटरचा तो हप्ता तसा थोडकाच असतो, त्यामुळे एवढ्या मोठ्या नुकसानीत बोनस जाईल म्हणून क्लेम सोडू नकोस. नुसता आरसा आणि इंडिकेटर फुटला असता तर मी तुला क्लेम करू नको म्हटलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोडकी गाडी तुझ्या नावावर असेपर्यंत ती तुझी जबाबदारी आहे. भंगारवाला चार हजार जास्त देतो म्हणून आरसी बुक आणि किल्ली त्याच्या हातात ठेवणारे लोक मी पाहिलेत. पुढं होतं असं: गाडी वितळते, कागद जिवंत राहतात. तसल्याच रंगाच्या चोरीच्या गाडीवर तुझा नंबर चढतो, आणि कधीतरी पोलीस तुझ्या दारात उभे राहतात. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, ही कायद्याची अट आहे. थकलेले ई-चलान भर, बँकेची एनओसी आणून बोजा उतरव, नोंदणी रद्द करून घे आणि त्याची पोच जपून ठेव. गाडी कंपनीनं उचलली तर कोणत्या तारखेला, कुणी, काय स्थितीत नेली याचा कागद घे. आणि दुरुस्त करण्याजोगी गाडी कुणाला विकलीस, तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या देऊन निवांत बसू नकोस. आरटीओत दुसऱ्याचं नाव चढेपर्यंत पाठपुरावा कर. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट सांगितलंय, की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. विकलेल्या गाडीनं कुणाला उडवलं तरी नोटीस तुझ्या पत्त्यावर येईल.

हे सगळं मिटल्यावरच दुसऱ्या गाडीकडे वळ.

नवी की जुनी? माझं म्हणणं नवी. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे नवी आणि चांगल्या स्थितीतली जुनी यांच्यातलं अंतर कमी झालंय. तरी जुनीच परवडत असेल तर एप्रिल २०१९च्या आधीची नको, कॉम्बी ब्रेक असेलच असं नाही. गाडी बघायला दिवसाउजेडी जा. कोरा हेडलाइट आणि विटलेली बॉडी, पॅनलच्या फटी एका बाजूला रुंद, स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे, म्हणजे ती कुठंतरी आपटलेली आहे. डबल स्टँडवर लावून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरव. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलंय. विकणाऱ्याला सरळ रस्त्यावर चालवायला सांग आणि मागून बघ. दोन्ही चाकं एका रेषेत धावली पाहिजेत. चॅसिस नंबर आरसीशी अंक न अंक जुळव. आणि व्यवहार झाला की विमाही तुझ्या नावावर करून घे. नुसती आरसी बदलून विमा जुन्याच मालकाच्या नावावर राहिला, तर तुझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

नवी घेताना तुझ्यासाठी मी तीन गोष्टी बघेन, बाकी सगळं तुझ्या आवडीचं. पुढचं चाक बारा इंची हवं. आपल्या रस्त्यांवर दहा इंची चाक खड्ड्यात पुरतं बसतं, बारा इंची त्यावरून निघून जातं. पुढं डिस्क ब्रेक हवा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि गाडीवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. मनगट दुखरं असताना सिग्नलला गाडी पायांवरच तोलावी लागते. पत्र्याची बॉडी मिळाली तर उत्तम, ज्युपिटरला आणि नव्या इलेक्ट्रिक चेतकला ती आहे. पत्र्याचा पोचा निघतो, प्लास्टिक तडकलं की सबंध बदलावं लागतं. इलेक्ट्रिक घ्यायची तर आधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये चार्जिंगची लेखी परवानगी घे.

शोरूममध्ये 'हँडलिंग चार्जेस' म्हणून काही लावलं तर ते कशाचे ते विचार आणि काढायला सांग. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या दुचाकीला २०१८पासून तिसऱ्या पक्षाचा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, पण तुझ्या गाडीच्या नुकसानीचं कलम बहुधा एकाच वर्षाचं असतं. लोक पाच वर्षं निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी गाडी आपटली की कळतं, आपलं कलम संपलेलं आहे. ती तारीख फोनमध्ये घालून ठेव. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा टाळू नकोस. साडी गार्ड आणि मागं बसणाऱ्यासाठी धरायची कडी काढून टाकू देऊ नकोस, ती नियमानं असायलाच हवी. ताई तुझ्या मागं साडीत बसते.

गाडी आली की पहिल्या दिवशी ऑफिसला नेऊ नकोस. रविवारी सकाळी लवकर, रस्ते मोकळे असताना काढ. टेम्पो शेजारून गेला की अंग आकसेल, ते होणारच. तसं झालं तर बाजूला थांब, पाणी पी, मग निघ. जिथं आपटलीस त्या चौकात इतक्यात जायची गरज नाही. जायचं ठरवशील तेव्हा मी माझ्या गाडीवर तुझ्या मागं राहीन.

आणि एक काम आजच कर. त्या दिवशीचं हेल्मेट तुम्ही माळ्यावर ठेवलंय असं ताई म्हणाली, दिसायला चांगलं आहे म्हणून धाकट्याला द्यायचं म्हणे. हेल्मेटच्या आतलं थर्माकोल एकदाच दबतं. दबून त्यानं तुझं डोकं वाचवलं, आता त्यात पुन्हा कुणाला वाचवायची ताकद राहिलेली नाही. ते खाली काढ, पट्टा कात्रीनं कापून टाक म्हणजे दुसरं कुणी घालणार नाही, आणि आयएसआय मार्कची दोन नवी हेल्मेट घे, एक तुला, एक मागं बसणाऱ्याला. गाडी यायला वेळ लागू दे, हेल्मेट आधी घरात येऊ दे.