'पोलर एक्स्प्रेस' आणि सात्त्विक अभिनयाचा प्रश्न

नाट्यशास्त्रातील चतुर्विध अभिनय आपण सारेच परीक्षेपुरता पाठ करतो : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. पहिले तीन चटकन समजतात. चौथ्याशी आले की लेखणी अडखळते आणि आपण आठ सात्त्विक भावांची यादी देऊन मोकळे होतो. हा चौथा प्रकार वेगळा का मानावा, याचे उत्तर प्रस्तुत लेखकाला एका अनपेक्षित ठिकाणी सापडले. रॉबर्ट झेमेकिस यांचा 'द पोलर एक्स्प्रेस' (२००४) हा नाताळचा अमेरिकन बालचित्रपट घरी डीव्हीडीवर पाहत असताना!

ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांचे याच नावाचे सचित्र पुस्तक १९८५ साली निघाले आणि १९८६ साली त्याला कॅल्डेकॉट पदक मिळाले. कथा इवलीशी आहे. नाताळच्या आदल्या रात्री एका मुलाच्या दारात आगगाडी येऊन उभी राहते, त्याला उत्तर ध्रुवावर नेते, तेथे सांता क्लॉज त्याला पहिली भेट देतो आणि मुलगा घसरगाडीची एक घंटा मागून घेतो. पाव तासात वाचून संपणाऱ्या या मजकुराचा सुमारे १०० मिनिटांचा चित्रपट करताना पुष्कळ भर घालावी लागली. ती सर्वच आवश्यक होती असे म्हणवत नाही.

चित्रपट संपूर्णपणे संगणकावर घडवलेला आहे, परंतु पात्रांच्या हालचाली चित्रकारांनी केवळ कल्पनेने रेखाटलेल्या नाहीत. नटांच्या अंगावर व चेहऱ्यावर प्रकाश परावर्तित करणारे बारीक ठिपके लावले गेले. एकट्या चेहऱ्यावर सुमारे १५०. नट वावरू लागला की कॅमेरे त्या ठिपक्यांची जागा टिपत आणि संगणक त्या नोंदींवरून आकृती हलवी. त्यामुळे टॉम हँक्स या एकाच नटाला तिकीट तपासणारा कंडक्टर, वडील, टपावरचा भटक्या, सांता क्लॉज आणि खुद्द नायक मुलगा अशा अनेक भूमिका करता आल्या. (मुलाचा आवाज मात्र डॅरिल सबारा याचा.) प्रौढ नट मुलांएवढे दिसावेत म्हणून सामानसुमान मुद्दाम मोठ्या आकाराचे बनवले होते.

थोडक्यात, आंगिक अभिनय यंत्राने टिपला, वाचिक ध्वनिग्राहकाने, आणि आहार्य तर सर्वस्वी संगणकाच्या हाती. तरीही चित्रपट प्रदर्शित होताच अनेक समीक्षकांनी तक्रार केली की ही माणसे निर्जीव वाटतात, त्यांचे डोळे पाहून अंगावर काटा येतो. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या जाणत्या समीक्षकाने स्तुती केली हेही खरे. पण तक्रार टिकून राहिली. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानव-तज्ज्ञाने १९७० मध्येच एका लेखात म्हटले होते की कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडत जाते, पण जवळजवळ माणूसच भासू लागली की आवड एकदम कोसळून तिची शिसारी येते. या घसरणीला त्याने 'दरी' म्हटले. आणि आकृती हलू लागली की दरी अधिक खोल होते, असेही नोंदवले.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. घरच्या तबकडीचा चित्रपटगृहाहून मोठा फायदा हाच, की ती थांबवता येते. मुलाचा चेहरा पडद्यावर असताना चित्र थांबवा : ते पुस्तकातील खडूच्या चित्राचे भावंड शोभेल. पुन्हा सुरू करा : तोच चेहरा परका होतो. बिघाड चित्रात नाही, चलनात आहे.

आता ती पाठ केलेली यादी काढू : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यांपैकी ठिपक्यांना काय सापडते? वेपथु, म्हणजे कंप, सापडेल, स्तंभही सापडेल. स्वरभेद ध्वनिग्राहक पकडेल. पण घाम, काटा, चेहऱ्याचा उतरलेला रंग, डोळ्यांत तरळलेले पाणी यांना ठिपका काय करणार? आणि बुबुळावर तर ठिपका लावताच येत नाही. डोळ्यांची हालचाल चित्रकारांना नंतर हाताने भरावी लागली. भरतमुनींनी दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले, तेव्हा हा फाजील काटेकोरपणा आहे असे आपल्याला वाटे. निदान मला वाटे. झेमेकिस यांच्या 'बेवुल्फ' (२००७) या पुढच्या चित्रपटात नटांच्या डोळ्यांभोवती विद्युत्‌-संवेदक लावून नजर टिपण्याचा प्रयत्न झाला, याचा अर्थ उणीव नेमकी कोठे होती हे करणाऱ्यांनाही कळले होते.

म्हणून चित्रपटातील उत्तम प्रसंग चेहऱ्यावाचूनचे आहेत. हरवलेले तिकीट वाऱ्यावर उडते, लांडग्यांच्या कळपातून, गरुडाच्या चोचीतून भटकत पुन्हा गाडीत येते, तो भाग अप्रतिम आहे. गरम चॉकलेट वाटणाऱ्या वाढप्यांचा नाच निव्वळ आंगिक असल्यामुळे रंगतो. उलट शेवटच्या डब्यात तो एकटा पडलेला गरीब मुलगा गातो तेव्हा सगळा भार चेहऱ्यावर येतो, आणि चेहरा तो पेलत नाही.

घरच्या लहान पडद्यावर हे दोष कमी जाणवतात, असे माझे मत. मोरीने बुनराकू बाहुल्यांविषयी हेच म्हटले आहे : प्रेक्षक दूर बसतो, म्हणून बाहुलीच्या डोळ्यांचे तपशील त्याला खुपत नाहीत. अर्थात या मताला एक मोठी हरकत आहे. हाच चित्रपट आयमॅक्सच्या अवाढव्य पडद्यावर त्रिमिती स्वरूपात विशेष चालला. तेथे प्रेक्षक चेहऱ्यांपेक्षा दऱ्याखोऱ्यांतून धावणाऱ्या गाडीतच रमले असावेत. ते काही असो, नोव्हेंबर २००५ मध्ये चित्रफीत व डीव्हीडी निघाली आणि अनेक घरांत तो दर डिसेंबरात पाहण्याचा चित्रपट झाला.

याचे कारण मला घंटेत दिसते. नायकाला ती प्रथम ऐकूच येत नाही. भोवतालची सगळी मुले हरखलेली असतात आणि त्याच्या कानी मात्र शांतता. मग तो विश्वास ठेवतो आणि नाद उमटतो. येथे दिग्दर्शकाने मुलाच्या मुद्रेवर भिस्त ठेवलेली नाही. आधी निःशब्दता, मग एक बारीक किणकिण, आणि घंटेच्या चकचकीत पृष्ठभागावर सांताचे प्रतिबिंब. सकाळी तीच घंटा आईवडील हालवून पाहतात. त्यांना काहीच ऐकू येत नाही, आणि ती मोडकी आहे असे समजून ते ती बाजूला ठेवतात.