एच. आय. व्ही. संसर्ग : आपल्या चिकित्सालयाच्या दृष्टीने

भारतात एच. आय. व्ही. संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रास येथे झाली. तेव्हापासून या व्याधीस ओजक्षय म्हणावे की राजयक्ष्मा, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. आमच्या मते नामसाम्याच्या या वादातून रुग्णाच्या हाती फारसे काही पडत नाही. तो आपल्याकडे येतो तो जीर्ण अतिसार, महिनाभर रेंगाळणारा ज्वर, अकारण कार्श्य किंवा मुखातील पांढरा थर घेऊन. तरुण वयात नागीण उठली किंवा क्षयाचे निदान झाले, तरी तपासणी सुचवावी. शासकीय समुपदेशन व तपासणी केंद्रात ती विनामूल्य होते. बाधेनंतर पहिले काही आठवडे प्रतिपिंडे न आढळण्याचा संभव असल्याने, शंका असल्यास तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. २०१७ च्या कायद्यान्वये तपासणीस रुग्णाची संमती आवश्यक असून गुप्तता बंधनकारक आहे.

हा विषाणू सीडी-४ पेशींचा क्रमशः नाश करतो. त्यांची संख्या दर घनमिलिमीटरला २०० च्या खाली गेली की संधिसाधू संसर्ग बळावतात. शासनाने विनामूल्य ए. आर. टी. २००४ पासून सुरू केली. २०१७ पासून सीडी-४ ची संख्या कितीही असो, ती प्रत्येक बाधितास दिली जाते. टेनोफोविर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्रॅविर यांची एकत्रित गोळी दिवसातून एकदा घेतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू अनाढळ पातळीवर टिकल्यास लैंगिक संबंधातून जोडीदारास बाधा होत नाही.

येथे आपला थेट संबंध येतो. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व जस्त यांच्याशी डोल्युटेग्रॅविर आतड्यात बांधले जाते आणि त्याचे शोषण घटते. शंखभस्म, प्रवाळ व कपर्दिक हे कॅल्शियमच. मंडूर व लोहभस्म हे लोह. यशद म्हणजे जस्त. म्हणून ए. आर. टी. ची गोळी अशा कल्पांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावयास सांगावी. गोळी रात्री झोपताना असेल, तर भस्म सकाळीच द्यावे. सायंकाळचे शंखभस्म टाळावे. जळजळीसाठी पांढरे पातळ औषध मागणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनी, चार माणसांत नव्हे, बाजूला घेऊन, इतर कोणती गोळी चालू आहे असे विचारावे. रसायन चिकित्सेसाठी ए. आर. टी. थांबविण्याचा सल्ला मात्र कदापि देऊ नये. विषाणू पुन्हा वाढतो व औषधांना दाद देईनासा होण्याचा धोका असतो.

क्षारसूत्र वा सिरावेध करताना रक्ताळलेली सुई टोचल्यास जखम साबणपाण्याने धुवावी, पिळू नये. प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास लावू नये, वमन करवून शुद्ध केलेली असली तरीही.