दोन क्रियापदांमधील जागा

मराठीत आपण म्हणतो, ‘मी धडा आधीच लिहिला आहे.’ येथे ‘लिहिला’ हे मुख्य आणि ‘आहे’ हे साहाय्यकारी क्रियापद अशी जोडी एकत्र उभी असते. ‘आधीच’ हा शब्द जोडीच्या अगोदर येतो. हीच सवय घेऊन आपण इंग्रजीत लिहितो, ‘आय ऑलरेडी हॅव रिटन द लेसन.’ इंग्रजीची रूढ रीत निराळी आहे. तेथे क्रियाविशेषण जोडीच्या मध्ये बसते : ‘आय हॅव ऑलरेडी रिटन द लेसन.’

पुढील गोष्टी ध्यानात ठेवू या.

१. ऑलवेज, नेव्हर, ऑफन, ऑलरेडी हे शब्द सामान्यतः पहिल्या साहाय्यकारी क्रियापदानंतर येतात : ‘शी हॅज नेव्हर बीन पनिश्ड.’

२. क्रियेची रीत सांगणारा शब्द मुख्य क्रियापदालगत शोभतो : ‘द बुक हॅज बीन केअरफुली रिटन.’

३. यस्टरडे, टुमारो यांना मध्ये जागा नाही; ते वाक्याच्या शेवटी किंवा आरंभी येतात.

४. प्रश्नात कर्ताच मध्ये येतो : ‘हॅव यू फिनिश्ड?’

जागा बदलली की अर्थही बदलू शकतो. ‘आय रिअली डोन्ट नो’ म्हणजे मला खरोखरच ठाऊक नाही. ‘आय डोन्ट रिअली नो’ म्हणजे मला नीटसे ठाऊक नाही.

क्रियापदांची जोडी फोडू नये, असा समज कोठे कोठे आढळतो. तो निराधार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेले आपले संविधानच पाहा. इंग्रजी प्रास्ताविकेत ‘हॅविंग’ आणि ‘रिझॉल्व्ड’ यांच्या मध्ये ‘सॉलेम्नली’ आहे. अनुच्छेद ६० मधील राष्ट्रपतींच्या शपथेत ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या मध्ये ‘फेथफुली’ आहे.

अमेरिकेच्या संविधानातील शपथेतही ‘फेथफुली’ याच जागी आहे. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी तो शब्द वाक्याच्या शेवटी नेला. ओबामा क्षणभर थबकले. दुसऱ्या दिवशी, कोणतीही शंका राहू नये म्हणून, शपथ पुन्हा देण्यात आली. एका शब्दाची जागा चुकली आणि राष्ट्राध्यक्षांनाही शपथ पुन्हा घ्यावी लागली!

तेव्हा इंग्रजीत चूक झाली म्हणून आपण खाली मान घालू नये. ती दुरुस्त करावी. प्रास्ताविका इंग्रजीतून वाचताना ‘सॉलेम्नली’पाशी क्षणभर थांबावे. त्या शब्दाची जागा आपल्याला व्याकरण शिकवते, आणि त्याचा अर्थ आपण केलेल्या निर्धाराची आठवण देतो.